शेजाऱ्याची हरकत

एमआयडीसीत माझा आणि शेजाऱ्याचा टॉवेलचा कारखाना भिंतीला भिंत लावून आहे. त्याच्या पत्र्यावर सोलर माझ्या आधी बसलं, हे मला अजून पचलेलं नाही. विजेच्या नियमांचा मसुदा आला की आम्ही सगळे शिव्या देतो. हा कानावरची पेन्सिल काढून खुणा करत वाचतो.

आता म्हणे दिवसा तयार केलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होणार नाही. परवा तो टाइप केलेली हरकत घेऊन आला. "सुनावणीला चाललोय. सही करा की."

मी विचारलं, "तुमचे माग दिवसाच चालतात. तुम्हाला काय फरक पडतो?"

"मला कायबी न्हाय. तुमचे रात्री चालतात की."

मी सही केली. आधी नुसता सोलरवरून जळफळाट व्हायचा; आता तर त्याचं तोंडच बघवत नाही.