खंडेनवमीचं ऑइल

गाडी दोन माणसांचीच होती. दोन दारं, दोन सीट आणि मागे जेमतेम एक बॅग मावेल एवढी जागा. नवऱ्यानं ती दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका माणसाकडून घेतली, तेव्हाच ती पंधरा वर्षांची होती. लाल रंग उन्हानं विटलेला. मी विचारलं होतं, "यात भाजी कुठं ठेवायची?" तो म्हणाला, "तुझ्या मांडीवर." पुढे दर उन्हाळ्यात निफाडहून परतताना द्राक्षांची पेटी खरोखरच माझ्या मांडीवर असायची.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कोणता बोल्ट कोणत्या रॅकमध्ये, किती उरलेत, कधी मागवायचे, हे लिहून ठेवणं हे माझं काम. घरीही मी तशीच आहे. सिलिंडर कधी लावला, टाकी कधी धुतली, सगळं वहीत असतं. गाडीचीही वही होती. टायर, बॅटरी, ब्रेक, प्रत्येकाचं पान वेगळं. नवरा मला घरात स्टोअरकीपर म्हणायचा. बॉनेट उघडलं की हाक यायची, "स्टोअरकीपर, लिहा."

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो ऑइल बदलायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजतात. त्याचं म्हणणं असं, की ज्याची पूजा करायची त्याच्या पोटात वर्षाचं काळं ऑइल कशाला? सकाळी आम्ही द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे जायचो. इंजिन चांगलं तापवायचं. मग तो एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. कधी एका जागी, कधी चार जागी. नंतर काही न बोलता शेजारच्या दुकानातून डबा घेऊन यायचा.

कोणतं ऑइल ते सांग, मी रकाना आखते, असं मी दरवर्षी म्हणायची. "ते दरवर्षी ठरवायचं असतं," हे त्याचं उत्तर. आकड्यांचा अर्थ मात्र त्यानं मला नीट समजावला होता. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात लवकर पळतं. दुसरा जितका मोठा, तितकं ते तापल्यावरही दाट राहतं. "पहिला आकडा निफाडचा, दुसरा कसारा घाटाचा," असं त्याचं सोपं गणित होतं. निफाडला त्याची मोठी बहीण राहते. तिथं थंडीत पारा इतका उतरतो, की बागायतदार रात्री द्राक्षांना शेकोट्यांची ऊब देतात.

त्या दिवशी कोणता आकडा घेतला, हे विचारेपर्यंत मिस्त्रींचा चहा यायचा आणि राहून जायचं. वहीत मी लिहायची, ऑइल बदललं. पुढे बरोबरची खूण. दहा वर्षं, दहा खुणा.

रिकामा डबा तो घरी आणायचा, वरून कापायचा, बुडाला भोकं पाडायचा आणि गच्चीवर त्यात काहीतरी लावायचा. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना. लेबलं दिसायची म्हणून मी एकदा वैतागले होते. हे घर आहे, गॅरेज नाही, लेबलं भिंतीकडे कर, असं म्हटलं. त्यानं सगळे डबे मुकाट फिरवले.

गेल्या श्रावणात तो गेला. हृदयाचं दुखणं दोन वर्षं होतं. त्याचीही वही मी केली होती. सकाळचा दाब, संध्याकाळचा दाब, नाडी, गोळ्या. शेवटच्या आठवड्यात तो दवाखान्यात होता तेव्हाही प्रत्येक आकडा ठीक होता. रक्त पातळ करायची गोळी मी त्याच्या हातावर ठेवली तेव्हा तो म्हणाला, "माझं केलंत पातळ. गाडीचं नका करू हं." मी हसले आणि गोळीची वेळ लिहायला वही उघडली. दोन दिवसांनी तो गेला.

नवरात्राच्या आधी निफाडहून नणंदेचा फोन आला. ताई निवृत्त शिक्षिका. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना नीट दिसत नाही. वर्षभर सण नाही, तेव्हा सोनं घेऊन येऊ नकोस, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या,

"गाडी घेऊन ये मात्र. ती वळणावर आली की मला आवाजावरून कळायचं, मी चहा टाकायची. एकदा ऐकव गं मला. मग विकायची तर वीक."

मी हो म्हटलं. सण करायचा नव्हता, पण ऑइल बदलायला दुखवटा आड येत नाही. खंडेनवमीच्या सकाळी मी एकटीच गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. गाडी मला चालवता येते, पण दहा वर्षांत मी ती फार तर पाच-सहा वेळा चालवली असेन. सीट पुढे ओढताना हात थांबला. ती ओढली की त्याच्या पायांची जागा मोडणार होती. ओढली.

मिस्त्रींनी जुनं ऑइल काढलं आणि मला विचारलं, कोणतं टाकू. तुम्हाला माहीत असेल, असं मी म्हटलं.

"नाही वहिनी. ऐकायचे भाऊ, आणायचे भाऊ. मी नुसता बोल्ट खोलायचो."

मी तयारीनं गेले होते. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं गाडीचं पुस्तक काढलं आणि खूण घातलेलं पान उघडलं. तिथं स्वच्छ छापलं होतं, पाच-तीस. शिवाय मी निफाडलाच जाणार होते. पहिला आकडा निफाडचा, तो पाच म्हणजे उत्तमच. मिस्त्री हात पुसत म्हणाले, पुस्तक नव्या इंजिनाचं असतं. हे झिजलंय, आतल्या फटी वाढल्यात, जरा दाट टाकू या का? मी पानावर बोट ठेवून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाच-तीसचा डबा मागवला. घरातून नुकतंच माणूस गेलेल्या बाईशी कोण वाद घालणार? एरवी त्यांनी घातला असता.

वहीत मी पहिल्यांदा आकडा लिहिला. बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

दसऱ्याला सकाळी निघाले. ओझरपर्यंत गाडी छान पळाली, उलट नेहमीपेक्षा हलकी वाटली. पिंपळगावला टोमॅटोचा हंगाम होता. क्रेट लादलेल्या टेम्पोंची रांग हायवेवर आलेली. अर्धा तास गाडी जागच्या जागी सुरू होती. ऑक्टोबरचं ऊन, पत्रा तापलेला. आणि समोर ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागला.

मी घाबरले नाही. गाडी कडेला घेतली, बंद केली, थोडी थांबले, ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पाहिली. पातळी अगदी बरोबर, दोन खुणांच्या मधोमध. वहीत तसं लिहिलं आणि पुढे निघाले. तो दिवा पातळीचा नव्हे, दाबाचा असतो, हे मला माहीत नव्हतं. ऑइल पुरेसं होतं, पण तापून इतकं पातळ झालं होतं, की जिथं टिकायला हवं तिथं टिकत नव्हतं. निफाडच्या रस्त्याला लागल्यावर खालून ठकठक सुरू झाली. आधी हळू, मग कोणी हातोड्यानं दार वाजवावं तशी. थांबायला हवं होतं. पण ताई वाट बघत होत्या आणि फक्त सात-आठ किलोमीटर उरले होते.

वळणावरून गल्लीत शिरले. ताई ओसरीवर खुर्ची टाकून बसलेल्या मला दिसत होत्या. त्या उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा रस्त्याकडेच होता, पण गाडी फाटकाशी आली तरी त्या वळणाकडेच कान लावून बसलेल्या. तेवढ्यात खालून एक मोठा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. मी चावी दोनदा फिरवली. आतलं काही हललंच नाही.

मी उतरून "ताई" म्हटलं तेव्हा त्या दचकल्या.

"तू होय? मला वाटलं पाण्याचा टँकर आला."

मी तिथंच पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पुस्तक, पाच-तीस, दिवा, पट्टी. मधे थांबले नाही. ताई चाचपडत गाडीपाशी गेल्या. बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तरी ठेवला.

"लहानपणी सायकलसुद्धा याच फाटकात येऊन बंद पाडायचा," त्या म्हणाल्या. "आत यायला नको म्हणून." आणि मग रडल्या. श्रावणात त्या रडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री टोचन करायला गाडी घेऊन आले. आतलं बेअरिंग गेलंय आणि क्रँकही कापला गेलाय, असं त्यांनी सांगितलं. त्या गाडीचे भाग आता मिळत नाहीत. बांधताना ते खाली बघून म्हणाले, "मी बोलायला पाहिजे होतं, वहिनी." तुम्ही बोलला होतात, मी म्हटलं.

घरी आल्यावर गच्चीवर झाडांना पाणी घालायला गेले. दोन दिवस घातलं नव्हतं. पुदिना मान टाकून पडलेला. तो डबा उन्हातून सावलीत सरकवताना फिरला आणि लेबल माझ्याकडे झालं. मातीचे ओघळ पुसले. वीस-पन्नास.

मग मी एकेक करून सगळे फिरवले. सगळ्यात जुना कढीपत्त्याचा, त्याच्यावर दहा-चाळीस. पुढच्या दोघांवरही तेच. मग तीन पंधरा-चाळीस. मग एक पंधरा-पन्नास, आणि शेवटचे तीन वीस-पन्नास. इंजिन जसं झिजत गेलं, तसं त्यानं ऐकून ऐकून एकेक पायरी दाट केलं होतं. मी रोज सकाळी याच झाडांना पाणी घालत होते. दोन महिने, निफाडला जाईपर्यंत एक दिवसही न चुकता.

खाली जाऊन वही आणली आणि कठड्याशी बसून दहाही खुणांसमोर त्याचे आकडे लिहिले. अकराव्या ओळीत माझा आकडा होताच. तो खोडला नाही. डबे पुन्हा होते तसे लावायला उठले, पण लेबलं भिंतीकडे करवेनात.