परक्या घरचं विरजण

तिसऱ्यांदा मडक्यावरचं झाकण काढलं. दूध तसंच पातळ. दही लागलंच नव्हतं. कुणकेश्वरला सोमवारच्या अभिषेकाचं दही आमच्या घरून जायचं, आणि सोमवार चार दिवसांवर आला होता.

सासूबाई मागे उभ्याच होत्या. "तुझ्या हातात काय तरी आसा गो," त्या म्हणाल्या. "सोमवारी धय लागला नाय तर तू धामापुराक म्हायेराक जा. मी झिलाक पत्र घालतंय."

झील म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. मुंबईला नोकरीला, आणि आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. साठ सालानंतरचे दिवस ते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अशी माहेरी धाडलेली मुलगी परत बोलावली जाईलच, याची खात्री कोण देणार? मी घाबरले होते आणि त्याहून जास्त संतापले होते.

लग्नाआधी एक वर्ष मी कोल्हापूरला सायन्सला होते. तिथलं एवढं आठवत होतं की दूध विरजणारे जीवाणू असतात, आणि त्या जीवाणूंवर जगून त्यांनाच मारणारे विषाणूही असतात. आमच्याकडे सासूबाई या घरात आल्या तेव्हापासून एकच विरजण चालत आलं होतं. परक्याचं विरजण घ्यायचं नाही, मडकंही ताकाच्या निवळीनेच विसळायचं, म्हणजे चव टिकते, असा त्यांचा अभिमान. रोज तेच जीवाणू आणि तीच निवळ, म्हणजे विषाणूंची घरबसल्या चंगळ!

शेजारणीकडून गुपचूप विरजण आणलं. दोन वाट्यांत दूध विरजलं आणि एकीत आमच्या मडक्यातल्या बिघडलेल्या दुधाचा चमचा घातला. सकाळी एक वाटी घट्ट, दुसरी पाणीच पाणी. हात तर दोन्हींना माझाच लागला होता.

रविवारी मडकं रिकामं करून, विषाणू मरावेत म्हणून चुलीवर चांगलं तापवलं. तीन घरांचं विरजण एकत्र केलं. एका जातीचे जीवाणू मेले तरी दुसरे तगतील, असा माझा कयास. दुधात ते घालते न घालते तोच सासूबाई मडक्यातून काढून ठेवलेल्या जुन्या दुधाची पळी भरून आल्या. "आमच्या घरचो गुण रवाक होयो." घरची जुनी चव राहायलाच हवी, हा त्यांचा हट्ट.

मी त्यांचं मनगट धरलं. सुनेनं सासूचं मनगट धरायचं! माझं मलाच खरं वाटेना.

"आई, तां घालू नकात. उद्या धय लागला नाय तर मी आपणच बोचका बांधतंय."

पळीतलं दूध थेंब थेंब जमिनीवर गळत होतं. हात सोडवून त्या निघून गेल्या.

सोमवारी मडकं तिरकं केलं तरी दही हललं नाही. सासूबाई ते घेऊन देवळात गेल्या. मी चुलीपाशी बसून पोटभर रडले.

चार महिन्यांनी झाकण काढलं तर पुन्हा पातळ दूध. वाचलेल्या जीवाणूंना गाठायची युक्ती विषाणूंना सापडली असणार. एकाने कुलूप बदललं की दुसऱ्याने किल्ली बदलायची, हे कधी संपणारं नव्हतं. हे सगळं कळत होतं, तरी मागे वळून पाहायची माझी हिंमत होईना, कारण मागे सासूबाई उभ्या होत्या.

त्यांनी वाकून मडक्यात पाहिलं. निवळीचं भांडं उचलून परसात रितं केलं आणि फडताळातली वाटी घेतली.

"तू मडका तापत ठेव," त्या म्हणाल्या. "मी चार घरांत जावन विरजण मागून हाडतंय."