गेटाबाहेरची बोली

"अंकल, ये गाँव की बोली गेट के बाहर. समझे?"

व्हाइस प्रिन्सिपल मॅडम मोठ्यानं बोलल्या. लायब्ररीत, सगळ्या वर्गासमोर. माझ्या हातात पाहुणीसाठी पाण्याचा ट्रे. मी फक्त माझ्या नातीला, सनाला, विचारलं होतं, "बाय, पानी पिलंस काय?" एवढंच. आठ वर्षांची आहे. सकाळी तिला कणकण होती.

पोरं हसली. शेजारच्या मुलीनं सनाला विचारलं, "डू यू नो हिम?"

सना म्हणाली, "नो. ही क्लीन्स."

ट्रे पडला नाही. हातांना सवय असते.

कतारमधल्या अल वक्राच्या या इंग्रजी शाळेत मी पंधरा वर्षं प्यून आहे. गाव रत्नागिरीकडचं. शिक्षण चौथी. विसा शाळेचा. सनाला जागा मिळाली तीही मॅडमच्या मेहेरबानीनं. म्हणून मान खाली. लेकीकडं राहतो. जावई दुखानला तेलाच्या कामावर, गुरुवारी येतो. माझी बायको हलीमा गेल्या वर्षी गेली. इथंच माती दिली. गावी जाऊन काय करू? तिथं दार उघडायला कोण नाही.

पाहुणी कॅनडाची. माझ्याच वयाची, पांढरी वेणी. तिथल्या मूळच्या लोकांत क्री म्हणून एक समाज आहे, त्यातली. पोरांसाठी पुस्तकं लिहिते. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण कळतं बरंच. कपाटाशी उभा राहून ऐकलं.

सहा वर्षांची असताना तिला घरातून उचलून मिशनच्या शाळेत नेऊन ठेवलं. वेणी कापली. आपल्या बोलीतला शब्द निघाला की तोंडात साबण. दहा वर्षांनी घरी आली, तर आजी बोलायची आणि हिला कळायचं नाही. दोघी शेगडीजवळ नुसत्या बसायच्या. आजी तशीच गेली. मग चाळिशीत हिनं म्हाताऱ्या बायांच्या दारात बसून स्वतःचीच बोली परत शिकून घेतली. तेव्हापासून पुस्तकं. वरची ओळ क्री, खालची इंग्रजी. "वरची ओळ माझ्या आजीसाठी," म्हणाली.



साबण आमच्या घरातपण होता. माझ्याच हातात. हलीमा सनाशी कोकणीत बोलायची आणि मी तिच्यावर ओरडायचो. "गप ऱ्हव. पोरीचा इंग्लिश बिघडतंय. मॅडमनी सांगितलाय." शेवटच्या आजारात सना तिच्या खाटेशी बसून इंग्रजीत काहीतरी सांगत होती. लांबलचक. हलीमानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हनतंय ता? मना सांग ना."

मी म्हटलं, "काय नाय, शालेतलं."

मलाही नीट कळलं नव्हतं. चार दिवसांनी हलीमा गेली. पोर काय म्हणत होती ते तिला कळलंच नाही.

लायब्ररीत मॅडमना फोटो हवे होते. पालक बोलावले होते. मॅडमनी कुठंतरी वाचलेलं, की या लोकांत लांडग्याच्या जुन्या गोष्टी असतात. त्यातली एक सांगा म्हणाल्या.

पाहुणी म्हणाली, ती गोष्ट नाही. ती आमच्यात जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात.

मॅडम हसल्या. इथं बर्फ फक्त फ्रीजमध्ये म्हणाल्या. सगळे हसले. पाहुणीपण हसली. म्हणाली, मग कधीतरी तुमच्या फ्रीजमध्ये बसून सांगेन. आज नाही.

मॅडमनी पुन्हा सांगितलं, जरा जोरात. पालक थांबलेत. पाहुणी म्हणाली, "नो." आवाज चढवला नाही. पाणी प्यायली.

हलीमा अशीच होती. गोष्ट दिवे लागल्यावरच. दिवसा सांगितली की वाटेवरचं माणूस रस्ता चुकतं, म्हणायची. पोरीनं कितीही हट्ट केला तरी नाही. मी तिला अडाणी म्हणायचो. चौथी पास मी. मी अडाणी म्हणायचो.

मग पाहुणीनं पोरांना विचारलं, तुमच्यात कुणाला आपल्या आजीची बोली येते?

एकही हात वर झाला नाही. मॅडम अभिमानानं म्हणाल्या, "ऑल आवर चिल्ड्रन स्पीक ओन्ली इंग्लिश."

मी ट्रे खाली ठेवला. "मॅडम, वो मेरी नातिन है. उसकी नानी कोकणी बोलती थी. मैं भी बोलता हूँ."

"अंकल, पँट्री में जाओ. यल्ला, चलो."

"नाही जाणार."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा. आणि ते मराठीतच निघालं.

सनाचं तोंड लाल झालेलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

दुपारी ऑफिसात कागद समोर आला. आवारात फक्त इंग्रजी किंवा हिंदीत बोलेन, नाहीतर करार वाढणार नाही. पेनपण दिलं. मॅडम म्हणाल्या, "नातिन की सीट का सोचो."

विचार केला. खूप केला. लेक फोनवर रडली. "अब्बा, करा ना सही. काय जातंय तुमचं?"

जायचं ते गेलंय, म्हटलं.

सही केली नाही. कागद अजून मॅडमच्या टेबलावर आहे. करार संपला की विसा खलास. सनाची जागाही जाईल. मुऐदरला दुसरी शाळा आहे, तिथंही असाच कागद असेल. सना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वर्गात चिडवतात तिला, माझ्यामुळं. तिचा राग बरोबर आहे.

तरी मी बोलणार. घरात, बसमध्ये, मधल्या सुट्टीत. इंग्रजीत उत्तर देईल, देऊ दे. तोंड फिरवेल, फिरवू दे. हिच्या नानीला मी गप केलं. त्याची माफी मागायला आता ती नाही, आणि मला माफी मिळूही नये. हाकलतील तेव्हा हाकलतील. तोवर रोज, सगळ्यांच्या देखत, सनाशी मी कोकणीतच बोलेन.