कुंची घातलेला वरवंटा

२००५ च्या मे महिन्यात आमचा मुलगा चार महिन्यांचा होता आणि त्याला अजून नाव नव्हतं. म्हणजे कागदोपत्री होतं. पण तो दिवस भरायच्या फार आधी जन्मला, कितीतरी आठवडे काचेच्या पेटीत होता, आणि ते नाव उच्चारायची माझी हिंमतच झाली नाही. नाव घेतलं तर कुणीतरी ऐकेल आणि त्याला घेऊन जाईल, अशी काहीतरी भीती डोक्यात बसली होती. नागपूरहून आलेल्या आईचं म्हणणं साधं होतं, बारसं होऊ दे, मग हाक मार. आणि बारसं वरवंट्याशिवाय होत नाही.

आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला कुंची घालायची, पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा आणि मग बाळाशेजारी निजवायचा. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. इथे कॅलिफोर्नियात, आमच्या फ्रीमाँटमध्ये, वरवंटा काही मिळेना. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी लाटणं सुचवलं, शेजारणीने व्यायामाचं डंबेल. आईने दोघींकडे असं काही पाहिलं की मीच खजील झाले.

त्यात नवऱ्याला ऐतिहासिक वाटांचं वेड. पुण्यात असताना गड चढायचा. इथे गड नाहीत म्हणून जुन्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या शोधत हिंडतो. डॉक्टरांनी बाळाला प्रवासाची परवानगी दिल्याबरोबर त्याने आम्हाला नेव्हाडाच्या उंचावरच्या वाळवंटात नेलं. पूर्वी लोक कॅलिफोर्नियाला गाड्या हाकत आले ती वाट बघायला. सरकारी मोकळी जमीन, कुणीही यावं आणि फिरावं. क्षितिजापर्यंत करडी झुडपं, आणि त्यात हा हातात जीपीएस धरून जमिनीकडे बोट दाखवतोय. मला चाकोरी दिसली नाही. त्यालाही दिसली नसावी, पण तीन-चार फोटो काढले.

आईला मात्र वरवंटा दिसला. एका आटलेल्या झऱ्यापाशी, झुडपाखाली. दोन्ही अंगांनी घासून गुळगुळीत झालेला, मुठीत नीट बसणारा. तिने तो पदरात घालून आणला, आमच्या पिण्याच्या पाण्याने धुतला आणि पर्समधून कुंची काढली. गेला महिनाभर ती कुंची घेऊन फिरत होती. बाळ माझ्या छातीशी शालीत झोपलं होतं, म्हणून तिने वरवंट्याला बाळाच्या कार सीटमध्ये बसवलं आणि वर पट्टाही लावला. मी डोक्याला हात लावला. पण इतक्या महिन्यांनी आई गुणगुणत होती, म्हणून पट्टा तसाच राहू दिला.

तेवढ्यात त्या जमिनीवर गस्त घालणाऱ्या रेंजरबाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, कमरेला पिस्तूल. पाणी पुरेसं आहे ना, टायर ठीक आहेत ना, अशी चौकशी केली आणि बाळ बघायला खिडकीतून वाकल्या. चेहऱ्यावर आलेलं हसू तिथेच अडकलं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात मला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मी शाल बाजूला करून खरं बाळ दाखवलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कुंची जराशी सारली, आणि त्यांचा चेहरा पुन्हा बदलला. हा साधा दगड नाही, म्हणाल्या. गाड्या येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहणाऱ्या लोकांचा आहे, बायका यावर बिया वाटायच्या. इथून हलवणं हा गुन्हा आहे.

ग्रीन कार्डाची फाइल अडकलेल्या माझ्या नवऱ्याची पाचावर धारण बसली. "यार, तिला सॉरी म्हण ना पटकन," तो मला म्हणाला. आईने विचारलं, बाई काय म्हणतात? मी म्हटलं, हा खरंच वरवंटा आहे म्हणतात.

"मग मी काय म्हणत होते?" आई म्हणाली.

आणि माझा बांध फुटला. काचेची पेटी, न घेतलेलं नाव, लाटणं, डंबेल, सगळं मी त्या बाईंना इंग्रजीत रडत, खरं म्हणजे भांडत, सांगितलं. त्यांनी सारलेली कुंची दगडावर परत नीट बसवली. मग म्हणाल्या, दगड इथून जाणार नाही. पण बारसं इथे करायला हरकत नाही.

बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. आमची आत्या पुण्यात. आईने रेंजरबाईंना कुंकू लावून तिथल्या तिथे आत्या केलं. नवऱ्याने कार सीट पाळणा म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरली, त्या दोघींनी वरवंटा खालून-वरून फिरवला, मी बाळाला सीटमध्ये निजवलं आणि वरवंटा त्याच्याशेजारी ठेवला. मी रेंजरबाईंना नाव कागदावर लिहून दिलं. त्यांनी टोपी काढली, वाकल्या आणि बाळाच्या कानात सांगितलं. त्याच क्षणी आईने रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. बाई मात्र हसू लागल्या.

मग आईने कुंची काढली आणि वरवंटा झुडपाखाली होता तसा ठेवला. जिचा आहे ती परत येते का, असं तिने मला विचारायला लावलं. तिची पतवंडं येतात अधूनमधून, असं उत्तर आलं.

"मग बरं," आई म्हणाली. तिने दगडावरून हात फिरवला आणि तोच हात बाळाच्या डोक्यावरून फिरवला.

गाडी सुरू झाल्यावर मी मागे वळले आणि मोठ्याने त्याला नावाने हाक मारली. तो झोपेत शिंकला. मी पुन्हा हाक मारली.