सव्वीस दिवस आम्ही नऊ जण होतो

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात भांडते. कुणाचा दिवा आपोआप लागला की मी म्हणते, आधी वायरमनला बोलवा. कुणाला माळ्यावर पावलं ऐकू आली की म्हणते, उंदीर असतील. माझा स्वभावच तसा... चूक दिसली की ती दुरुस्त होईपर्यंत मला चैन पडत नाही. आणि जगातल्या बहुतेक गूढ गोष्टी म्हणजे कुणाची तरी चूक, असंच माझं मत होतं. तेव्हा हे मी लिहायला बसलेय याचं मलाच जास्त नवल वाटतंय.

मी कोल्हारला राहते. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते — शेतकऱ्यांनी बसवलेल्या सौर पंपांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, जमेल तेवढं फोनवरच सोडवायचं, नाहीच जमलं तर मेकॅनिक पाठवायचा. मला धरून आमची आठ जणांची टीम, आणि तिची प्रमुख मी. सगळे नगर जिल्ह्यातलेच, पण प्रत्येक जण आपापल्या घरी. घोडेगावचे बापू, श्रीगोंद्याजवळच्या एका वस्तीवरची सविता, बाकीचे राहुरी-नेवाशाकडचे. तीन वर्षांत सगळे प्रत्यक्ष भेटलो ते दोनदाच.

घरी बसून माणसं एकटी पडतात, कामावरून मन उडतं, असं कंपनीला वाटलं. म्हणून त्यांनी आमच्यात एक एआय आणून सोडला. नाव 'सोबती'. सकाळी दहाला आम्ही व्हिडिओवर जमलो की तो प्रत्येकाला नावानं नमस्कार करायचा, एखादा हलका प्रश्न विचारायचा, वाढदिवस लक्षात ठेवायचा, कोण गप्प-गप्प आहे ते मला वेगळं कळवायचा. शेवटी हजेरी — "आज आपण आठ जण आहोत, चला कामाला लागू." सुरुवातीला आम्ही नाकं मुरडली. पण एकदा त्यानं विचारलं, लहानपणी कशावर चढायचात? बापू म्हणाले, "आमी बाजारातल्या म्हशीवर चढायचो, आन् म्हशीचा मालक आमच्यावर." सविता इतकी हसली की तिला हेडफोन काढून ठेवावा लागला. तेव्हापासून सकाळची ती दहा मिनिटं आम्हाला आवडायला लागली, हे कबूल करते.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सोबती म्हणाला, "आज आपण नऊ जण आहोत."

सगळे हसले. मी स्क्रीनवरचे चौकोन बोटानं मोजले. आठ. हजेरीचा तक्ता उघडला — नावं आठ, खाली एकूण नऊ. मंगळवारीही तेच. बुधवारीही. मी पुण्याला आमच्या टेक टीममधल्या अमेयला कळवलं. तो म्हणाला, कुणीतरी मोबाईल आणि लॅपटॉप दोन्हीवरून येत असेल. मी एकेकाला मोबाईल बंद करायला लावून पाहिलं. तरी नऊ. मधे एका शनिवारी सविता रजेवर होती, त्या दिवशी तो बरोबर सात म्हणाला. मला वाटलं, सुधारला. सोमवारी पुन्हा नऊ.

थंडी सुरू झाली तशी सोबतीनं सगळ्यांना एकेक भेट पाठवायची ठरवली — कप आणि तिळाची चिक्की. खोकी निघाली नऊ. दोन दिवसांनी सविताचा फोन आला.

"मॅडम, माज्या पत्त्यावर दोन खोकी आलीत. एकावर नाव हाय, दुसऱ्यावर नुसताच पत्ता. ठिवू का मी?"

"नको गं, परत पाठव. उगाच घोळ नको."

तिनं खोकं बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं." ते 'बरं' माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

मी अमेयला तीन वेळा मेल केले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, नोंदींमध्ये आठच जण दिसताहेत, नऊ कुठून येतात ते शोधतो. नवव्याला नाव नव्हतं, चेहरा नव्हता, मेल आयडी नव्हता. फक्त बेरजेत तो होता.

आणि एका गुरुवारी सकाळी सोबती म्हणाला, "आज आपण आठ जण आहोत."

मी मोजले. सविता धरून आठही जण हजर. आकडा जुळला याचा मला इतका आनंद झाला की मी लगेच अमेयला मेल टाकला, 'अखेर चूक दुरुस्त केल्याबद्दल मनापासून आभार.' हा मेल मी स्वतःच्या हातानं लिहिला. त्याचं उत्तर जेवणानंतर आलं — 'मॅडम, आम्ही अजून हातच लावलेला नाही. पुढच्या आठवड्यात बघणार होतो.' ते मी वाचतेय तोच सविताचा मेसेज दिसला. तब्येत बिघडलीय, जाते. एक वाजेपर्यंत ती नेहमीसारखी फोन घेत होती.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. ती दवाखान्यात होती. "दोन म्हैने झाल्ते मॅडम," तो म्हणाला, "तिसरा सरल्याबिगर कुनाला सांगायचं नसतं, म्हनून बोललो न्हाई." गर्भ पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, कुणाच्या हातात काही नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी हजेरीचा तक्ता उघडला. नऊचे सगळे दिवस, सविताच्या रजेचा शनिवार, तो गुरुवार. मला भीती वाटली. साधी, सरळ भीती. आणि त्याहून जास्त लाज... मी आभार मानले होते.

बारा-पंधरा दिवसांनी दोन एसट्या बदलून मी तिच्या वस्तीवर गेले. ऊसतोड चालू होती, रस्ताभर ट्रॅक्टर. तिच्या सासूबाईंनी चहा दिला, मायेनंच म्हणाल्या, "दोन म्हैन्याचं ते काय असतंय, बाई. पोरगी तरनी हाय, हुईल परत." सविता मान खाली घालून बसली होती. सासूबाई गोठ्याकडे गेल्यावर मी तिला हळूच विचारलं, सोबतीला तू काही बोलली होतीस का?

"त्या मशीनला मी काय सांगू, मॅडम? ह्यांच्याबिगर कुनालाच ठावं नव्हतं."

मग मी मोबाईलवर तक्ता उघडून तिच्या हातात दिला. द्यावा की नाही, हे एसटीत बसल्यापासून ठरत नव्हतं. तिला आणखी दुखवतेय असंही वाटत होतं. ती एकेक दिवस बोटानं खाली सरकवत गेली. पहिल्या सोमवारी थांबली.

"ह्या दिशी तर मलाच म्हाईत नव्हतं," ती म्हणाली.

तिनं ते दिवस मोजले. सव्वीस. मग पदर तोंडाला लावून रडली — मला वाटतं, तोवर तिला तसं रडू दिलंच नव्हतं कुणी. मीही रडले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "घरात कुनी मोजलंच न्हाई हो त्याला. काय व्हतंच न्हाई, आसंच समदे बोलत्यात." आणि मोबाईल परत देताना विचारलं, "हे आसंच ऱ्हाईल ना?"

मी हो म्हटलं.

आता ती पुन्हा कामावर येते. सोबती त्या गुरुवारपासून आजवर एकदाही चुकलेला नाही. अमेयनं सगळं उलटंपालटं करून तपासलं, त्यालाही काही सापडलं नाही. मी माझ्या परीनं शंभर तर्क केले. एकही त्या पहिल्या सोमवारपाशी टिकत नाही.

गेल्या महिन्यात अमेयनं एक फॉर्म पाठवला. जुन्या नोंदी स्वच्छ करायच्या आहेत, सव्वीस दिवसांचे नऊ खोडून आठ करू ना, टीमप्रमुखाची संमती हवी. आयुष्यभर चुका दुरुस्त करत आलेल्या मी 'नाही' वर खूण केली. खाली कारणाचा रकाना होता, तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. मी लिहिलं, 'आकडा बरोबर आहे. कसा, ते मला माहीत नाही.'