खारीजवळची आमची नदी

चार टाळकी एकत्र जमली की काही ना काही घडतंच, आणि आम्ही तर चिखलात जमतो! भाईंदर पूर्वेला, खारी गावाजवळच्या नाल्यातला कचरा दर रविवारी सकाळी काढणारा आमचा ग्रुप आहे. नाला किती साफ झाला ते विचारू नका, पण आमची फजिती मात्र पोत्यांनी निघाली. ओळखीचे लोकसुद्धा आता "काम कसं चाललंय?" असं विचारत नाहीत. "नवीन काय झालं?" म्हणतात. तर ऐका.

*

ग्रुपचे पुढारी सावंतकाका. मूळचे रत्नागिरीचे, आता रिटायर. पहिल्याच रविवारी ते भला मोठा बॅनर घेऊन आले. 'नदी वाचवा, नदी जगवा'. तो कठड्याला बांधला, फोटोसाठी आम्ही ओळीत उभे राहिलो आणि खाडीकडून असा काही वारा सुटला की बॅनर थेट पाण्यात!

आधी बांबू घातला, मग दोरी टाकली. शेवटी समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी पडद्याचा रॉड आणून दिला, तेव्हा कुठे तो बाहेर आला. तोवर ऊन डोक्यावर चढलं होतं.

घरी गेल्यावर मुलीने विचारलं, "मग? काय काय काढलंत आज?"

"बॅनर."

"शी! कोणी टाकला होता गं?"

मी आंघोळीला पळाले.

*

काकांची सक्त ताकीद होती. "हिला नदीच म्हणायचं. नाला म्हटलं की माणूस कचरा टाकायला मोकळा!"

मला अगदी पटलं. पुढच्या रविवारी बेव्हर्ली पार्कच्या नाक्यावर रिक्षा थांबवली आणि ठणकावून सांगितलं, "भैया, खारी के पास नदी पे जाना है."

"नदी? मॅडम, नदी इधर किधर?"

मी पूल सांगितला, पुलामागची चाळ सांगितली, भरतीचं पाणी कसं आत येतं तेही सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"अरे, वो गटर!"

माझा पारा चढला. "गटर नहीं, नाला!"

*

मग गमबूट आले. आले ते एकाच मापाचे, आणि ते माप माझं नव्हतं. तरी घालून उतरले. नवीन मंडळींना धीर द्यावा म्हणून म्हटलं, "घाबरू नका, खाली जमीन घट्ट आहे!"

घट्ट कसली! गुडघ्यापर्यंत आत. आमच्या शेजारच्या नीताबेन आणि काका दोन्ही हात धरून ओढतायत आणि माझा नवरा काठावर मोबाइल धरून उभा. "एक मिनिट थांब गं, व्हिडिओ हललाय!"

शेवटी मी वर आले. बूट खालीच राहिले.

काही आठवड्यांनी दुसऱ्या एका ग्रुपने त्याच ठिकाणी सफाई केली आणि फोटो टाकला. चिखलाने माखलेले दोन गमबूट, खाली ओळ: 'अख्खे बूट नाल्यात फेकताना लोकांना लाज कशी वाटत नाही?'

मी लाइक करून टाकलं.

*

निर्माल्य हा माझा खास विषय. एक स्कूटरवाला पिशवी फेकून निघाला होता, त्याला अडवला. देव पाण्यात नसतो का, आपलीच खाडी, आपलीच मुलं, सगळं ऐकवलं. मान खाली घालून ऐकत होता बिचारा.

तेवढ्यात खालून नीताबेनची हाक आली. "सुनंदाबेन, आ तमारो डब्बो छे?"

त्यांच्या हातात एक स्टीलचा डबा. गाळ पुसला तर त्यावर कोरलेलं माझं नाव, आडनावासकट! गणपतीत हरवलेला डबा. वॉचमनने ढापला म्हणून मी सोसायटीत बोभाटा केला होता.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहत होता. "ते... निर्माल्य टाकताना हातातून सुटला."

स्कूटरवाल्याने किक मारली. "काकू, बाकीचं भाषण घरी जाऊन द्या!"

*

नाल्याच्या त्या तुकड्यावर आजही स्लॅब पडलेला नाही. तो का, ते सांगते.

वर स्लॅब टाकून पार्किंग करा, असं आसपासच्या सोसायट्यांनी लावून धरलं होतं. पाहणीला आलेले पालिकेचे साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मेलेलं पाणी आहे हो. यात आहे काय वाचवण्यासारखं?" काका त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाले, "बंद करूया आता."

आणि त्याच आठवड्यात ओहोटीच्या वेळी नीताबेन किंचाळल्या. चिखलावर काहीतरी उड्या मारत होतं. निवटे! पाण्याबाहेर येऊन चिखलावर सरपटणारे ते डोळे वटारलेले मासे. काका कठड्याला धरून नुसते बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी फोटो काढले, सगळे माझ्याच अंगठ्याचे आले. मग साहेबांच्या मागे लागून लागून त्यांना पुन्हा बोलावलं. "जिवंत आहे साहेब! डोळ्यांनी बघा."

साहेब आले. ओहोटी होती, चिखल होता, आम्ही सगळे श्वास रोखून. निवटा एकही नाही! साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मासे कुठे आहेत?"

पुलाच्या कठड्यावर खारी गावातल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, हिराबाई. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "आजी, इथे निवटे होते ना हो? तुम्ही तरी सांगा यांना!"

"व्हते ना," हिराबाई म्हणाल्या. "काल कालवण केला."

साहेबांचा रुमाल नाकावरून खाली आला. "या पाण्यातले खाल्ले?"

हिराबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मी पोर व्हते तवा खाल्ले, त्याच्यानंतर काल. चव तीच हाय!"