पुन्हाताईंची तिसरी परीक्षा

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षात तिला सगळे पुन्हाताई म्हणत. फोनवर कुणी काहीही सांगितलं की ती म्हणायची, "पुन्हा सांगा." पत्ता, पुन्हा सांगा. खूण, पुन्हा सांगा. एकदा साहेब "चला, जेवून घ्या" म्हणाले, तर त्यांनाही तिने हेच ऐकवलं आणि एकच हशा पिकला. तेव्हापासून खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

वय चव्वेचाळीस, अकरा वर्षं कंत्राटावर, आणि पायाला भिंगरी. काम कानाला हेडफोन लावून बसायचं, पण ती बसलेली कुणी पाहिली नव्हती. वायर जेवढी लांब तेवढ्यात तिच्या आठ तास येरझारा चालायच्या. घरी गेली तरी तेच. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा, लावलेलं दार पुन्हा ओढून बघायचं.

त्यात आता इंग्रजीची परीक्षा. नोंदी इंग्रजीत करायच्या, म्हणून कायम व्हायचं तर ती पास होणं भाग होतं. दोनदा तिची दांडी उडाली होती. तिसऱ्यांदा उडाली तर करार वाढणार नाही, असं साहेबांनी हळहळत का होईना, पण तोंडावर सांगितलं होतं. घरात बहीण अंथरुणाला खिळलेली, भाची कॉलेजात. कमावती ही एकटी. जीव टांगणीला लागायला आणखी काय हवं?

शिकवायला भाचीच होती. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी बसली.

"मावशी, आधी बस."

"बसले."

"उभी आहेस तू."

मावशी खाली बघून खात्री करून बसली.

"फ्रेज म्हणजे शब्दांचा गट. पण त्यात कर्ता आणि क्रियापद अशी जोडी नसते. म्हणून अर्थ लागतो, पण पुरता लागत नाही. 'ऑन द रूफ'. छतावर. आता छतावर काय?"

"माणूस अडकला असेल. नाहीतर पडला असेल. जिना कुठून आहे ते विचारायला हवं."

भाचीने कपाळावर हात मारला. "विचारायचं कुणाला? पुस्तकाला?"

खरं सांगायचं तर फ्रेज तिच्याइतकी कुणालाच कळत नव्हती. घाबरलेला माणूस सबंध वाक्य बोलतच नाही. "निळं दार." "टाकीच्या शेजारी." "आईच्या छातीत." एक ना धड भाराभर चिंध्या, आणि त्या चिंध्यांवरून गाडी नेमकी दारात उभी करायची, हा तर तिचा रोजचा धंदा. पेपरात फ्रेज दिसली की ती फटाफट सांगायची, ही जागा दाखवते, ही वेळ, ही कारण. त्या प्रश्नात तिला पैकीच्या पैकी. गाडं अडायचं पुढच्या प्रश्नात. फ्रेज वापरून पूर्ण वाक्य लिहा, दहा फ्रेजा, वीस गुण. दोन्ही वेळा ते पान तिने कोरं दिलं होतं.

"तुला येत नाही असं नाहीये," भाची चिडून म्हणाली. "शब्द येतात, काळ येतात. मग काहीही लिही ना! छतावर मांजर आहे. झालं!"

"काहीही कसं लिहू?"

"अगं, छतावर जाऊन बघणार आहे का कुणी?"

मावशी ताडकन उठली आणि ओटा पुसायला लागली. पुसता पुसता, तोंड भिंतीकडे ठेवूनच तिने सांगितलं.

सहा वर्षांपूर्वी, भर दुपारी एका बाईचा फोन आला होता. "शाळेच्या मागे... माझे वडील... श्वास..." एवढंच, आणि फोन तुटला. उलट लावला तर बंद. फोन कुठल्या भागातून आला तेवढं पडद्यावर दिसत होतं. त्या भागात मोठी शाळा एकच, म्हणून तिने गाडी त्या शाळेच्या मागे धाडली. पण दोन गल्ल्या पलीकडे एक बालवाडी होती. तिलाही तिथले लोक शाळाच म्हणत. गाडी शोधत शोधत पोचली तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती आणि म्हातारा गेला होता. चौकशीत हिच्यावर ठपका आला नाही. कुणीही हेच केलं असतं, असं साहेब म्हणाले. तेच तिला सोसलं नाही.

"तिचं वाक्य मी पुरं केलं गं," मावशी म्हणाली. "तिने नव्हतं केलं."

भाचीने पेनाचं टोपण काढून पेन मावशीच्या जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "मग खरं तेवढंच लिही. तुला ठाऊक आहे तेच."

परीक्षेच्या दिवशी मावशी तासभर आधी पोचली आणि जिन्यावरून चार वेळा वरखाली करून आली. पेपर हातात पडला. छतावरून रंगारी पडला होता, तो तिने लिहिला. पहाटेच्या आधी जुळी जन्मली होती, ती लिहिली. पुलाखाली अडकलेला टेम्पो लिहिला. चुकत, खोडत नऊ वाक्यं झाली. एकही बनवलेलं नव्हतं.

दहावी फ्रेज होती 'बिहाइंड द स्कूल'. व्याकरणाच्या पेपरात शाळा यायचीच. पेपर काढणाऱ्याला काय कल्पना?

ती उभी राहिली.

"ताई, बसा," देखरेखीवरचे गृहस्थ म्हणाले. "पेपर झाला असेल तर द्या."

"नाही झाला."

ती बसली. दहा मिनिटं उरली होती. तिने ती सगळी घेतली.

बाहेर भाची फाटकाशी उभी होती. "लिहिलीस? किती?"

"दहा."

"सगळी खरी?"

"नऊ."

"आणि दहावं?"

मावशीने ते इंग्रजीत म्हणून दाखवलं, हळूहळू, एकेक शब्द तपासत. म्हातारे वडील शाळेच्या मागे होते आणि गाडी सहा मिनिटांत पोचली. म्हणून झाल्यावर ती तिथेच फुटपाथच्या कडेवर बसली, आणि कितीतरी वेळ उठली नाही.

महिन्याने निकाल लागला. ती पास झाली, कायम झाली. दहाव्या वाक्याला दोनपैकी दोन गुण होते, चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतंच.